वाइंडिंगवाल्या मामांची लेस

"हात रिकामा बरा न्हाई, ताई," असं म्हणत ते माझ्या काउंटरवरची फाइलच्या टॅगची दोरी उचलायचे आणि बोटाला गुंडाळायला लागायचे. गुंडाळून झाली की सोडायचे, पीळ द्यायचे, परत गुंडाळायचे. पाच मिनिटांनी ती दोरी फाइलीत घालायच्या लायकीची राहायची नाही. दोरी नसली तर रबर, रबर नसलं तर प्लास्टिकच्या पिशवीची कड. माझी किती रबरं त्यांच्या बोटांवर तुटली असतील, त्याची गणती नाही.

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, जे म्हणाल ते. शेजारच्या बोळात त्यांचा मोटर वाइंडिंगचा गाळा होता. विहिरीवरची, बोअरची, गिरणीची मोटर जळाली की लोक ती त्यांच्याकडे आणून टाकायचे. आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार मोजून वेढे देत भरायची, की मोटर पुन्हा फिरायला लागते. सगळी पंचक्रोशी त्यांना वाइंडिंगवाले मामा म्हणायची. मी कधी नावाने हाक मारली नाही, आता इथेही नको.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका झेरॉक्ससाठी चार वेळा येणारी. आधी विचारायला, मग कागद आणायला, मग पाठची बाजू राहिली म्हणून, आणि शेवटी नुसतंच. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. मी स्टूल पुढे केलं की मामा म्हणायचे, "बसतोय कशाला, निघालोच." आणि पाऊण तास उभ्याने बोलायचे. बोलतानाही नजर रस्त्यावर, कोणती गाडी लागली, कोण उतरलं, कोण कुणाकडे बघतंय.

एकदा मी म्हटलंही, "मामा, तुमच्या पायाला भिंगरी आहे."

"आमी धनगर, ताई," ते म्हणाले. "बाप माझा मेंढरांमागं कोकणात उतरायचा आन परत चढायचा. मी गाळ्यात बसलो, पर माझ्या पायांना ते कुणी सांगितलंच न्हाई."

पावसाळ्यात त्यांचे हाल व्हायचे. उपसा बंद, म्हणून मोटरी जळायच्या बंद. गाळ्यात काम नाही. मग ते दिवसातून दहा वेळा माझ्याकडे यायचे आणि माझं सामान पिळायचे.

त्याच दिवसांतली गोष्ट. कुणाचा तरी टेबलफॅन दुरुस्तीला आला होता आणि त्याच्या आतल्या बॉबिनला किती वेढे असतात ते त्यांना आठवेना. त्यांनी मोबाइलला तोंडी विचारलं, "बॉबिन वाइंडिंग." थोड्या वेळाने मोबाइल हातभर लांब धरून धावतच माझ्या दुकानात आले.

"ताई, हे बघा काय लागलं! मी फॅनची बॉबिन ईचारली, तर ह्यानं म्हातारी दावली."

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक परदेशी आजी होती. मांडीवर गोल, टणक उशी. उशीवर असंख्य टाचण्या टोचलेल्या आणि प्रत्येक टाचणीपाशी पांढरे दोरे. दोऱ्यांच्या खालच्या टोकांना बारीक लाकडी काड्या लटकत होत्या, वीस, तीस, किती तरी. आजी त्या काड्या एकमेकींवरून टाकत होती आणि त्यांचा टक् टक् आवाज येत होता. टाचण्यांच्या मधून जाळीदार नक्षी खाली उतरत होती. त्या काड्यांनाही बॉबिनच म्हणतात, हे मला पुढे कळलं.

"मामा, ही लेस आहे. साडीला, फ्रॉकला लावतात ती."

"ही? हातानं?"

"हातानंच करतेय की."

"ही तर वाइंडिंगच करतीय राव," ते पुटपुटले. मग त्यांनी तो व्हिडिओ तिथेच तीन वेळा पाहिला, उभ्याने. आजी काहीतरी बोलत होती. ती इंग्रजी नव्हती एवढं मला कळलं, पुढचं नाही. मी तसं म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. "भाषा कशाला बघताय? हात बघा."

टेबलफॅनवाला माणूस परत आला तेव्हा फॅन होता तसाच उघडा होता.

दुसऱ्या दिवशी ते त्या व्हिडिओतल्या नकाशाचा फोटो घेऊन आले. नकाशा म्हणजे काय, तर कागदावरचे नुसते ठिपके. तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, पुठ्ठा उशीवर बसवायचा, आणि ठिपका आला की तिथे टाचणी. दोरे त्या टाचणीला वळसा घेतात, म्हणून नक्षी जागच्या जागी राहते. मी प्रिंट काढून दिली. तासाभरात परत.

"बारीक पडतंय. सव्वाशे टक्के करा."

केली. संध्याकाळी परत. "आता लई मोठं झालं. एकशे दहा." पुढे पुढे मी त्यांना लांबून येताना पाहिलं की आधीच मशीन सुरू करायची. लग्नपत्रिकांचे जाड कागद ते पुठ्ठ्यासाठी माझ्याकडून मागून न्यायचे. त्यांच्या गाळ्यातल्या किती तरी ठिपक्यांच्या मागे कुणाची तरी हळद, कुणाचा तरी मांडव होता.

काड्या त्यांनी स्वतःच केल्या. मोटरमध्ये तार भरल्यावर ती सुटू नये म्हणून खाचेत बांबूच्या पट्ट्या ठोकतात. त्याच बांबूच्या त्यांनी वीतभर काड्या तासल्या आणि वरच्या टोकाला दोरा अडकायला खाच पाडली. पण काड्या हलक्या पडल्या, दोरा सैल राहायला लागला. मग प्रत्येक काडीच्या शेपटाला तांब्याच्या तारेने एकेक नट बांधला. दोरा गुंडाळायला कॉइलचं हातमशीन होतंच. बोळातून जाताना आतून खणखण आवाज यायचा आणि मोटर घेऊन आलेले लोक विचारायचे, "मामा, ही कुठली मोटर?"

उशी मामींनी शिवली. मामी म्हणजे त्यांची बायको. उंच, काटक, आवाज असा की स्टँडवरची गाडी थांबावी. आधी कापूस भरला, तर टाचण्या कलायला लागल्या. मग सॉ-मिलमधून लाकडाचा भुसा आणला, जुन्या घोंगडीच्या तुकड्यात भरला आणि मुसळाने ठोकठोक ठोकला. मी पैठणीच्या ब्लाउजचं माप द्यायला गेले होते त्यांच्या शेजारी, तेव्हा हे अंगणात चाललं होतं. मामी मला म्हणाल्या, "बघ गं बाई. लग्नात गादी दिली बापानं, तिला एवढं कुणी बडवलं नव्हतं."

शिवायचा दोरा चालेना. तो ताण दिला की उलगडायचा. म्हणून मामा जुन्नरच्या बाजारात गेले. तिथे गोटा-किनारीच्या दुकानात एक मुसलमान चाचा बसतात. त्यांनी मामांची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि शांतपणे मागच्या फळीवरून लेसचा गुंडाळा काढून पुढ्यात ठेवला. "पाहुणं, मीटरनं तयार मिळतीय. कशाला जिवाला त्रास?"

मामांनी लेस उलटी करून पाहिली, ताणून पाहिली. "ह्यात कुणाचा हात न्हाई," म्हणाले. चाचा हसले आणि त्यांनी क्रोशाचा सुती दोरा काढून दिला. हा संवाद मामांनी मला पुढे किमान पाच वेळा सांगितला, प्रत्येक वेळी चाचांचा आवाज काढून.

"काम दोनच हायेत, ताई," ते मला समजवायचे. "चार काड्या हातात. मधल्या दोन एकमेकींवरनं टाकायच्या, ती ओलांड. मग दोन्हीकडच्या जोडीला एकेक वळसा, तो पीळ. ओलांड, पीळ, टाचणी. ओलांड, पीळ, टाचणी. एवढंच हाय सगळं."

एवढंच होतं, पण पहिली बोटभर पट्टी आली ती मांजराने दोऱ्यात खेळून सोडून दिल्यासारखी. त्यांनी ती मला दाखवली आणि माझ्यासमोरच उसवली. दुसरीही उसवली. श्रावण उसवण्यात गेला.

एकदा छापलेले कागद द्यायला मीच बोळात गेले. दारातून पाहिलं तर मामा वार्निशच्या उलट्या डब्यावर बसले होते. आजूबाजूला उघडी पडलेली मोटरांची लोखंडी कवचं, मांडीवर उशी, चष्मा नाकाच्या टोकाला. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या. रस्त्यावर एसटी हॉर्न देत होती, कुणीतरी कुणाला शिव्या घालत होतं, त्यांनी मान वर केली नाही. इतक्या वर्षांत मी हा माणूस बसलेला पहिल्यांदाच पाहत होते. मला हाक मारवेना. कागद दाराशी ठेवले आणि परत आले.

थट्टा व्हायचीच. एक जण म्हणाला, "मामा, बायकांचं काम धरलं व्हय आता?" मामांनी काडी न थांबवता उत्तर दिलं, "माझा बाप मेंढरांमागं चालता चालता लोकर कातायचा. तुझ्या आज्याच्या अंगावर जी घोंगडी व्हती ना, तीच ती."

दिवाळीपर्यंत पट्टी यायला लागली. दोन बोटं रुंद, कडेला नागमोडी, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. मला वाटलं, झालं, आता मामा निवांत होतील. पण झालं उलटंच. व्हिडिओच्या शेवटी ती आजी एक रुमाल उचलून दाखवते. चारी बाजूंनी लेस, चारी कोपऱ्यांवर ती न तुटता वळलेली. मामांना तो रुमाल हवा होता. आणि नेमकं कोपऱ्याच्या कामाला आजीचा हात आडवा येत होता. हात बाजूला होतो तोवर कोपरा वळलेला असतो.

"पट्टी येती, ताई. कोपरा येत न्हाई."

आता ते झोपेतून उठल्यासारखे येऊ लागले. अर्धं वाक्य बोलून निघून जायचे. एकदा तर पायरीवर उभं राहून, "बाहेरच्या बाजूला जोड्या कमी पडत्यात का?" असं मला विचारलं आणि माझं उत्तर न ऐकताच गेले. मला काय कळणार होतं? पण दिवसभर माझ्याही डोक्यात तेच. गिऱ्हाइकाचं आधार कार्ड उलटं छापलं मी.

शेवटी मीच सुचवलं, की त्या व्हिडिओखाली लिहून विचारू. मोबाइल भाषांतर करून देतो.

"लिहा," ते म्हणाले आणि टोपी नीट केली. "सप्रेम नमस्कार."

"मामा, तिथे असं लिहीत नाहीत."

"म्हातारं माणूस हाय, ताई. नमस्कार लिहा. आमी ओतूरहून लिवतोय. तुमच्या हाताकडं बघून पट्टी शिकलो. कोपऱ्याला तुमचा हात आडवा येतो. तेवढा हात बाजूला घेऊन एकदा दावावं, ही विनंती."

मी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून, "आलं का?" सकाळी दुकान उघडताना, चहाच्या वेळी, दुपारी, शटर ओढताना. आलं का? नाही आलं, मामा. मग रस्त्यापर्यंत जायचे, परत वळायचे. "परत एकदा बघा की." मलाही सवय लागली. गिऱ्हाइकाचा फॉर्म भरता भरता मी मध्येच तो व्हिडिओ उघडून पाहायची.

अशातच पिंपळवंडीचा एक शेतकरी टेम्पोतून मोटर घेऊन आला आणि बोळात उभा राहून ओरडायला लागला. मामांनी भरून दिलेली मोटर चारच दिवसांत पुन्हा जळाली होती. त्याचा टोमॅटो फुलावर होता. "लेस विणत बसा तुमी! हिकडं माझं रान वाळलं. न्हाई जमत तर तसं सांगा, मामा!"

मामांनी मोटर उतरवून घेतली. तो गेल्यावर माझ्याकडे आले आणि नेहमीसारखं काही उचललं नाही, नुसते उभे राहिले. मला खरं तर रागच आला होता, कारण ही तिसरी मोटर होती परत आलेली, आणि आधीच्या दोघांना मी मामांच्या बाजूने उत्तरं दिली होती.

"मामा, रागावू नका," मी म्हणाले. "पण आधी धंदा बघा. लेस काय, नंतरही होईल."

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. उजवा हात माझ्या काउंटरवर ठेवला, सपाट, रिकामा.

"बघा."

क्षणभर काहीच झालं नाही. मग अंगठा आणि पहिलं बोट हलायला लागलं. सावकाश, एका लयीत, जणू तळव्यात तंबाखू मळतायत. ते हात हलवत नव्हते. हात आपला आपणच हलत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं व्हत आली." त्यांनी टॅगची दोरी उचलली आणि बोटाला गुंडाळली. हात थांबला. "असं काय धरलं की थांबतो. रिकामा ठेवला की सुरू."

दोन वर्षं आम्ही सगळे त्यांच्या हाताला हसत होतो. मी तर सगळ्यांत जास्त.

"तार भरताना शेवटाला दाबून बसवावी लागती," ते खालच्या आवाजात सांगत होते. "त्या दाबात बोटं दगा देत्यात. तारेवरचा पापुद्रा खरवडतो, डोळ्याला दिसत न्हाई. मोटर चालू झाली की तिथंच जळती. लेसचा काय बी दोष न्हाई, ताई. लेसला दाब लागत न्हाई. काडीच्या वजनानं दोरा आपसूक बसतो. चुकला तर टाचणी धरून ठेवती. आन उसवलं तर कुणाचं रान वाळत न्हाई."

मी त्या दोरीकडे बघत विचारलं, "मामींना माहीत आहे?"

"कुणालाच न्हाई. सांगीन. आधी कोपरा येऊ द्या."

"कोपऱ्याचा आणि याचा काय संबंध, मामा? डॉक्टरकडे चला!"

"एक काम हातातनं चाललंय. दुसरं हाताला लागलं की सांगतो," एवढं म्हणून ते निघून गेले.

दोन दिवस मी तळमळत काढले. सांगावं की नाही? तिसऱ्या दिवशी दुकान बंद केलं आणि त्यांच्या घरी गेले. मामी चुलीपाशी होत्या. मी सुरुवात कशी करावी म्हणून घुटमळत होते, तर त्याच म्हणाल्या, "हाताचं सांगायला आलीस ना?"

मी चुलीपाशी बसले.

"मला काय दिसत न्हाई व्हय? वर्स झालं, कालवणाची वाटी डाव्या हातानं उचलतोय. मी वाट बघतीय कवा तोंड उघडतोय." त्यांनी भाकरी उलटली. "त्या काड्या धरल्यापास्नं त्याचा हात कामाला लागलाय, म्हणून तर ती उशी बडवली मी. न्हाईतर मला काय हौस हाय?"

परत येताना मी मुद्दाम लांबून, शेतातल्या रस्त्याने आले. लगेच दुकानात बसवलं नसतं.

आणि मग एका सकाळी उत्तर आलं. त्या आजीच्या भाचीने लिहिलं होतं. मोबाइलने जसं मराठी केलं तसं मी वाचून दाखवलं. माझी मावशी चार वर्षांपूर्वी वारली. घरात हे काम कुणीच शिकलं नाही. तिच्या उशा आम्ही देऊन टाकल्या. इतक्या लांब कुणीतरी तिच्या हातांकडे पाहून शिकतंय, हे तिला कळलं असतं तर ती फार खूश झाली असती.

मामांनी टोपी काढली. "पर मी तर आत्ताच सकाळी बघितली तिला," म्हणाले. टोपी हातातच घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गाळा बंद. मोटर न्यायला आलेली माणसं माझ्याकडे चौकशीला आली. "मामांच्यात कुणी गेलं का?"

"हो," मी म्हणाले. "लांबची. मावशी होती."

त्यानंतर मामा चार-पाच दिवस आले ते नुसतेच. 'आलं का' विचारायचं राहिलं नव्हतं. नकाशाचा कागद मात्र हातात असायचाच. असाच एकदा तो त्यांनी काउंटरवर पसरला होता. तेवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी एक बाई आल्या. फोटोआधी केस नीट करायला मी एक हातआरसा ठेवला आहे, तो घेऊन त्यांनी भांग सारखा केला आणि एका हाताने आरसा त्या कागदावरच तिरका उभा धरून दुसऱ्या हाताने पिनेसाठी पर्स उघडली.

"हलवू नका!" मामा एवढ्याने ओरडले की बाईंच्या हातातली पर्स पडली.

आरसा ठिपक्यांच्या पट्टीवर तिरका उभा होता. कागदावरची पट्टी आरशाच्या कडेपर्यंत येत होती आणि तिथून आत, आरशात, काटकोनात वळून पुढे जात होती. ठिपका ठिपक्याला मिळाला होता.

"ताई. कोपरा."

मीही वाकून पाहिलं. त्या बाईही वाकल्या, कंगवा केसांतच. मामा आरसा इंचभर पुढे सरकवायचे, मागे घ्यायचे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा कोपरा दिसायचा. एका जागी तो असा काही जुळला, की मधोमध एक फूलच तयार झालं. "हितं! हितंच!" मी पेन्सिलने आरशाच्या कडेने रेघ मारली. मग कॉम्प्युटरवर त्या पट्टीची उलटी प्रत काढली, दोन्ही कागद रेघेवर तिरके कापले आणि जोडले. बाई म्हणाल्या, "माझा फोटो राहू दे, आधी हे होऊ दे." आम्ही तिघंही तो जोडलेला कागद आलटून पालटून बघत होतो.

मी विचारलं, "किती टक्के?"

"एकशे दहा," मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळे हसले.

ठिपके मिळाले म्हणून कोपरा लगेच आला असं नाही. कोणती जोडी वळवायची, कोणती थांबवायची, यात अजून पंधरा दिवस गेले. पण एके दुपारी ते उशीच उचलून घेऊन आले, बोळातून तडक, मागून येणाऱ्या रिक्षाला न बघता. लेस उशीवर वळली होती. एकही दोरा तुटलेला नव्हता. मी बोट लावणार तोच म्हणाले, "हात नका लावू, टाचण्या हायेत." मग दम खाऊन, "आज सांगतो घरी."

सांगितलं. मामींनी नवीनच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं म्हणे. त्याच आठवड्यात दोघं नारायणगावच्या डॉक्टरांकडे गेले. कंपवाताची सुरुवात आहे, गोळ्या लागतील, हळूहळू वाढेल, पण काम करत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी परत आल्यावर पहिलं काय केलं, तर पिंपळवंडीची एसटी धरली. त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन म्हणाले, "तुझी मोटर लेसनं न्हाई जाळली, भाऊ. माझ्या हातानं जळाली. मला म्हाईत व्हतं आन मी लपिवलं." तो शेतकरी पुढे मला भेटला तेव्हा त्याला हे धड सांगता येत नव्हतं. "मी लई बोललो व्हतो त्यांना," एवढंच परत परत म्हणत होता. गाळ्यात पडलेल्या मोटरी मामांनी आळेफाट्याच्या दुसऱ्या कारागिराकडे पाठवल्या आणि वाइंडिंगचा बोर्ड स्वतः उतरवला.

रुमाल संक्रांतीच्या आसपास पुरा झाला. चार कोपरे, चारही वळलेले. पहिला जरा अवघडलेला, चौथा देखणा. मामी त्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या जाळीनं नाक कोण पुसणार?" मग तो घेऊन त्या माहेरी, महाळुंगे पडवळला, दाखवायला गेल्या. परत आला तेव्हा एका कडेला हळदीचा डाग होता. देवापुढच्या ताटावर कुणीतरी झाकला होता. मला वाटलं मामा आता चिडणार. त्यांनी डाग उजेडात धरून पाहिला. "वापरला म्हणायचा," म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवला.

त्यांचा मुलगा चाकणकडे कंपनीत आहे. औषधपाणी तिकडे बरं पडेल म्हणून त्याने दोघांनाही बोलावून घेतलं. गाळा सोडला. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

निघायच्या दिवशी मी दुकान सोडून स्टँडवर गेले. दोन पिशव्या, एक ट्रंक, आणि मामांच्या मांडीवर उशी. वर नवीन काम चढवलेलं. पहिल्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, "ते वर रॅकवर टाका." मामा खाली उतरले. दुसऱ्या गाडीत गर्दी. तिसऱ्या गाडीतही तेच, "आजोबा, सामान मांडीवर नको, वर ठेवा." मामा पुन्हा खाली. मामींचा पारा चढला. "मेंढरासारखं काय चढतोयस उतरतोयस? ठेव की वर!"

"टाचण्या पडत्याल. एक पडली की सगळं सुटंल."

चौथ्या गाडीला बाई कंडक्टर होत्या. तरुण होत्या, कानाला मोबाइलची वायर. त्यांनी उशीकडे पाहिलं, वायर काढली. "काय आहे हे, काका?"

"लेस," मामा म्हणाले.

"हाताने करताय? इथे बसा, पुढे बसा." त्यांनी स्वतःच्या बाजूची सीट मोकळी करून दिली. मामींनी ट्रंक आत ढकलली. घंटी वाजली. गाडी मागे आली, वळली, स्टँडच्या फाटकाशी जरा अडली. मी खिडकीच्या बाजूला जाऊन हात वर केला.

मामा चार काड्या उचलून त्या बाईंना काहीतरी दाखवत होते. त्या वाकून बघत होत्या. मामी तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या. गाडी रस्त्याला लागली आणि मामांनी मान वर केली नाही.

मी हात खाली घेतला. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं.